कोणीतरी सांगितले म्हणून

मागील अंकात स्वतंत्र संगीत, कादंबऱ्या आणि चित्रपट यांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे निवडून त्यांना येथे उत्तरे देत आहे. खाली सुचवलेली प्रत्येक कलाकृती माझ्या अनुभवातली आहे, त्यामुळे ही निवड वैयक्तिक आहे आणि ती तशीच असावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : ‘इंडी’ हा शब्द हल्ली सर्रास कानावर पडतो. एखाद्या मोठ्या कंपनीच्या गायकालाही इंडी म्हटलेले मी वाचले आहे. मग या शब्दाचा नेमका अर्थ काय समजावा?

हा ‘इंडिपेंडंट’चा छोटा अवतार आहे. कृतीसाठी पैसा कोणी उभा केला आणि तिच्यात काय ठेवायचे, काय गाळायचे हे कोणी ठरवले, या दोन्ही प्रश्नांना ‘कलावंताने स्वतः किंवा त्याच्या सोबतच्या चार माणसांनी’ असे उत्तर येत असेल, तर ती कृती स्वतंत्र समजावी. पुढे अशा मंडळींच्या गाण्यांचा एक ठरावीक बाज लोकांच्या कानात बसला आणि त्या बाजालाच इंडी म्हणण्याची पद्धत पडली. आपला गोंधळ तिथून सुरू होतो. मला जुना अर्थच उपयोगाचा वाटतो. बझकॉक्स या इंग्लिश बँडने जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी सुमारे ५०० पौंड उसने घेऊन स्वतःच काढली, पहिल्या खेपेला १००० प्रती. कोणते गाणे कितव्या प्रयत्नात ध्वनिमुद्रित झाले, हे त्यांनी तबकडीच्या वेष्टनावर छापले होते. ते वाचून कोणाही तरुणाला ‘एवढेच असेल, तर हे आपल्यालाही जमेल’ असे वाटावे, इतका तो मजकूर साधा आहे.

प्रश्न : दिवसभर गोंगाटात काम केल्यावर रात्री काहीतरी शांत ऐकावेसे वाटते. परंतु ‘शांत संगीत’ म्हणून जे समोर येते, ते नुसते वाजत राहते आणि मनाला शिवत नाही. इंग्रजी गाण्यांचे शब्द मला पटकन समजत नाहीत. अशा स्थितीत काय ऐकावे?

आपल्या पत्रातील ‘नुसते वाजत राहते’ हे शब्द मी दोनदा वाचले, कारण हा फरक फार थोडे लोक इतक्या स्पष्टपणे सांगतात. मागे वाजत राहण्यासाठी केलेले शांत संगीत निराळे आणि एखादा माणूस शेजारी बसून हलक्या आवाजात काही सांगतो आहे, असे वाटायला लावणारे शांत संगीत निराळे. दुसऱ्या प्रकारासाठी मी आपल्याला निक ड्रेक या इंग्लिश गायकाचा ‘पिंक मून’ हा अल्बम सुचवते. त्यात अकरा गाणी आहेत आणि सगळी मिळून जेमतेम अठ्ठावीस मिनिटांची आहेत. ऑक्टोबर १९७१ मध्ये, दिवसाची कामे आटोपून स्टुडिओ रिकामा झाल्यावर, दोन रात्रींत ती ध्वनिमुद्रित झाली आणि त्या वेळी तेथे ड्रेक आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड असे दोघेच होते. अल्बम काढणारी कंपनी लहान नव्हती, हे मान्य. परंतु अल्बममध्ये काय असावे हे या दोघांखेरीज कोणी ठरवले नाही, म्हणून तो या सदरात बसतो.

ऐकताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. संपूर्ण अल्बममध्ये फक्त गिटार आणि आवाज आहे. अपवाद पहिल्याच गाण्याचा. त्या गाण्याच्या मध्यावर पियानोचे मोजके स्वर येतात, तेही ड्रेकनेच वाजवलेले, आणि ते गाणे संपल्यावर पियानो पुन्हा कधीच येत नाही. पहिल्यांदा ऐकताना आपण नकळत त्याची वाट पाहू लागतो आणि त्या वाट पाहण्यामुळे उरलेली दहा गाणी अधिक कान देऊन ऐकली जातात. तारेवरून बोट सरकताना होणारा घर्षणाचा बारीक आवाजही यात राहू दिलेला आहे. आपण हेडफोन लावून ऐकले, तर वादक हाताच्या अंतरावर बसला आहे, असे वाटेल. शब्दांची चिंता पहिल्या दोन वेळा करूच नये; तिसऱ्या वेळी शब्द समोर ठेवून ऐकावे, तोवर आवाज ओळखीचा झालेला असतो आणि अर्थ त्याच्या मागोमाग येतो. हा अल्बम १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा अगदी थोडा खपला आणि १९७४ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, ड्रेक गेला. पाव शतकानंतर एका मोटारीच्या जाहिरातीत त्याचे गाणे वाजले आणि मग लोक त्याला शोधू लागले.

याच वाटेवरचा दुसरा अल्बम म्हणजे व्हॅश्टी बन्यन या इंग्लिश गायिकेचा ‘जस्ट अनदर डायमंड डे’, जो १९७० मध्ये निघाला. बन्यनने घोडागाडीतून स्कॉटलंडच्या उत्तरेकडे लांबचा प्रवास केला आणि त्या वाटेवर ही गाणी सुचत गेली. चाके, कुत्रा, सकाळ, चालणे अशा साध्या गोष्टींवरची ती गाणी अंगाईसारखी कानी पडतात. अल्बम कोणी विकत घेतला नाही, बन्यनने गाणे सोडले, मुले वाढवली आणि २००० मध्ये तो पुन्हा निघाल्यावर तरुण श्रोत्यांनी तिला शोधून काढले. तिचा दुसरा अल्बम २००५ मध्ये आला, पहिल्यानंतर तब्बल ३५ वर्षांनी. दोन्ही लागोपाठ ऐकावेत. आवाज जवळजवळ तोच आहे, फक्त त्याला एक संथपणा आला आहे आणि तो मला विलक्षण प्रिय आहे.

प्रश्न : एके काळी मी आठवड्याला एक कादंबरी संपवत असे. गेली चार वर्षे एकही शेवटपर्यंत वाचून झालेली नाही. वाचनाची मोडलेली सवय पुन्हा जोडेल, अशी एखादी कादंबरी सुचवावी.

मोडलेली सवय जोडण्यासाठी लोक सहसा वेगवान, उत्कंठावर्धक कथानक सुचवतात. मी नेमके उलटे सुचवणार आहे, कारण वेगाच्या बाबतीत आपल्या खिशातला फोन कोणत्याही कादंबरीला हरवू शकतो. जॉन विल्यम्स यांची ‘स्टोनर’ घ्यावी. तिच्या पहिल्याच परिच्छेदात लेखक सांगून टाकतो की हा नायक एका विद्यापीठात आयुष्यभर शिकवत राहिला, फार वरच्या पदाला पोहोचला नाही आणि त्याच्या विद्यार्थ्यांपैकी थोड्यांनाच तो स्पष्ट आठवतो. पुढे काय होणार ही उत्सुकताच काढून घेतल्यावर आपण प्रत्येक पान त्या पानासाठी वाचू लागतो आणि तुटलेल्या वाचकाला याच गोष्टीची गरज असते.

त्यातला एक प्रसंग येथे सांगते. शेतकऱ्याचा मुलगा असलेला स्टोनर विद्यापीठात शेतीशास्त्र शिकायला आला आहे आणि इंग्रजी साहित्याच्या तासालाही त्याला सक्तीने बसावे लागते. प्राध्यापक शेक्सपिअरचे एक सुनीत वाचतात आणि याचा अर्थ काय, असे त्याला विचारतात. वर्गात खिडकीतून आलेले ऊन मुलांच्या चेहऱ्यांवर पडलेले आहे, स्टोनरला आपल्या हातांतले रक्त वाहत असल्याचे जाणवते, तो उत्तर द्यायला तोंड उघडतो, ‘याचा अर्थ’ एवढेच म्हणतो आणि पुढे त्याला बोलता येत नाही. बस, एवढाच प्रसंग. पण शेतीकडून साहित्याकडे वळलेले त्याचे सारे आयुष्य या न बोलता आलेल्या वाक्यातून निघते. मला साहित्याविषयी जे वाटते ते मी कधीही यापेक्षा चांगले सांगू शकलेले नाही.

१९६५ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर या कादंबरीच्या साधारण २००० प्रती खपल्या आणि वर्षभरात ती बाजारातून नाहीशी झाली. २००६ मध्ये न्यूयॉर्क रिव्ह्यू बुक्सच्या अभिजात मालिकेतून ती पुन्हा निघाली. २०११ मध्ये ॲना गाव्हाल्डा या कादंबरीकार बाईंनी तिचे फ्रेंच भाषांतर केल्यावर युरोपभर तिचा खप वाढत गेला. एका लेखिकेला पुस्तक आवडले आणि तिने ते आपल्या भाषेत आणले, एवढ्यावर हे घडले.

इंग्रजीत वाचणे जड जात असेल, तर विनोदकुमार शुक्ल यांची ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ ही १९९७ ची हिंदी कादंबरी घ्यावी. मराठी वाचकाला तिची हिंदी अजिबात अडत नाही. गणित शिकवणारा एक साधा प्राध्यापक, त्याची नवपरिणित पत्नी, एकच खोली, आणि त्या खोलीच्या भिंतीत एक खिडकी, जिच्यातून पलीकडे उतरले की तळे, झाडे आणि स्वच्छ पाऊलवाटा असलेले निराळेच जग लागते. कामावर जाण्यासाठी त्याला एका साधूचा हत्ती मिळू लागतो, आणि हत्तीवरून उतरताना त्याला जो संकोच होतो तो शुक्ल इतक्या मायेने लिहितात की आपण वाचताना आपोआप सावकाश होतो. रोज दहा पाने, त्याहून जास्त नको.

प्रश्न : घरात मला एकटीलाच संथ चित्रपट आवडतात. बाकीचे वीस मिनिटांत उठून जातात. सगळ्यांनी मिळून शेवटपर्यंत पाहावा, असा एखादा स्वतंत्र चित्रपट आहे का?

इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी यांचा १९८७ चा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?’ लावावा. काटेकोर व्याख्येने पाहिले, तर तो स्वतंत्र म्हणता येणार नाही, कारण मुलांसाठी काम करणाऱ्या इराणमधील एका सरकारी संस्थेने त्याला पैसा दिला. तरी मी तो सुचवते, कारण त्यात बाजारासाठी केलेली एकही तडजोड मला आढळलेली नाही. अहमद हा आठ वर्षांचा मुलगा शेजारी बसणाऱ्या मित्राची वही चुकून घरी घेऊन येतो. उद्या वहीत गृहपाठ केलेला नसेल तर मित्राला शाळेतून काढून टाकीन, अशी तंबी गुरुजींनी दिलेली आहे. मित्र शेजारच्या गावात राहतो आणि त्याचे घर अहमदला ठाऊक नाही. एवढेच कथानक आहे, आणि घरातली जी माणसे वीस मिनिटांत उठून जातात ती या वेळी उठणार नाहीत, कारण प्रश्न कोणालाही समजेल असा आहे आणि वेळ सरत चालला आहे. अहमद आईला वहीबद्दल पुन्हा पुन्हा सांगतो, तर आई दर वेळी ‘आधी अभ्यास कर’ म्हणते, मध्येच तान्ह्या बाळाकडे पाहायला सांगते. त्या संवादात प्रत्येक प्रेक्षकाला आपले बालपण आठवते. टेकडीवरून नागमोडी जाणारी जी पायवाट या चित्रपटामुळे प्रसिद्ध झाली, ती चित्रीकरणासाठी मुद्दाम पाडून घेतलेली होती.

हा चित्रपट सगळ्यांनी पाहिला, की पुढच्या आठवड्यात चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा ‘कोर्ट’ लावावा. एका वृद्ध शाहिरावर चाललेल्या खटल्याची ही गोष्ट आहे. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी थांबून पाहत राहतो, आणि वकील व न्यायाधीश कामाच्या बाहेर कसे जगतात तेही दाखवतो. शेवटाकडे न्यायालयाची खोली रिकामी होते, दिवे एकेक करून मालवले जातात, पडदा काळा होतो आणि चित्रपट संपला असे समजून घरातले कोणीतरी उठू लागेल. त्यांना हात धरून बसवावे. अजून एक प्रसंग उरलेला असतो आणि तो पाहिल्याशिवाय आधीचे सगळे पुरते कळत नाही.

चार्ल्स बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ मात्र आपण एकटीनेच पाहावा. विद्यापीठातील प्रबंध म्हणून, बहुतांशी शनिवार-रविवारी चित्रित केलेला आणि १९७७ मध्ये पूर्ण झालेला हा चित्रपट, वापरलेल्या गाण्यांचे हक्क विकत घेण्याइतका पैसा नसल्यामुळे २००७ पर्यंत चित्रपटगृहांत रीतसर लागूच शकला नाही. कत्तलखान्यात काम करून थकलेला नवरा आणि त्याची बायको खिडकीपाशी, डायना वॉशिंग्टन यांच्या आवाजातल्या गाण्यावर, एकमेकांना धरून हळूहळू नाचतात. गाणे संपते आणि तो काही न बोलता निघून जातो. बायको खिडकीशी उभी राहते. त्या गाण्याशिवाय हा प्रसंग उभाच राहिला नसता, म्हणून तीस वर्षे थांबावे लागले, तरी ते गाणे ठेवणे योग्यच होते, असे माझे मत आहे.

प्रश्न : माझ्या फोनमधील ॲप माझ्या आवडीनुसार नवी गाणी रोज सुचवते आणि बरीचशी मला आवडतातही. मग माणसांना विचारण्याची गरज काय?

ॲपने सुचवलेले आवडत असेल, तर ते जरूर ऐकावे, त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र ॲपला ज्या गाण्याची नोंदच नाही, ते गाणे ते सुचवू शकत नाही. सिबिले बायर या जर्मन बाईंनी १९७० ते १९७३ या काळात घरी, टेपरेकॉर्डरवर, स्वतःची काही गाणी ध्वनिमुद्रित केली आणि ती ठेवून दिली. सुमारे तीस वर्षांनी त्यांच्या मुलाने ती एका सीडीवर उतरवून घरच्या माणसांना भेट म्हणून वाटली. एक प्रत त्याने एका ओळखीच्या संगीतकाराला दिली, त्या संगीतकाराने ती एका लहानशा रेकॉर्ड कंपनीपर्यंत पोहोचवली आणि २००६ मध्ये ‘कलर ग्रीन’ या नावाने तो अल्बम निघाला. आई, मुलगा, मुलाचा परिचित आणि एक छोटी कंपनी, अशी ही चार हातांची साखळी आहे. आज तो अल्बम आपले ॲपही सुचवील. पण त्याला तो कळावा म्हणून आधी कोणीतरी कोणाच्या तरी हातात सीडी ठेवावी लागली. तो ऐकावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

प्रश्न : मी उत्साहाने पुस्तके आणि चित्रपट सुचवतो, पण कोणी ते वाचत किंवा पाहत नाही. माझे कुठे चुकत असावे?

आपली तळमळ पत्रात दिसते, म्हणून माझा एक अनुभव सांगते. वर उल्लेखलेली ‘स्टोनर’ मी प्रथम एका मैत्रिणीला दिली, तेव्हा ही कादंबरी वाचून तुझे आयुष्य बदलेल, असे मी म्हटले होते. वर्षभराने तिने ती न वाचता परत केली आणि वाईट वाटून म्हणाली, ‘अगं, इतके मोठे काहीतरी मला जाणवले नाही तर तुला काय सांगू, या भीतीने मी ती उघडलीच नाही.’ मी तिच्यावर ओझे टाकले होते. पुढे निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेला मी फक्त तो वर्गातला प्रसंग सांगितला, उन्हाचा आणि अर्ध्यावर थांबलेल्या वाक्याचा, कादंबरी थोर आहे वगैरे काही म्हटले नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी ती मागून नेली.

तेव्हापासून मी स्तुती करत नाही, एखादी जागा सांगते. कोणासाठी सुचवतो आहोत आणि या माणसाला नेमके हेच का, याचे उत्तर देता आले नाही, तर सुचवतही नाही. एका वेळी एकच कृती सुचवावी. दहांची यादी पाठवली तर समोरच्याला ती कामासारखी वाटते. आणि दिल्यानंतर ‘वाचलेस का?’ असे विचारू नये. याला थोडा संयम लागतो, पण वाचून झाल्यावर माणूस आपण होऊन बोलायला येतो, तेव्हा जे बोलणे होते ते विचारून घेतलेल्या उत्तरापेक्षा फार मोलाचे असते.

प्रश्न : गाजलेले एखादे पुस्तक आपण अर्धवट सोडले आहे का? सोडलेल्या पुस्तकाकडे परत जावे का?

ईमर मॅकब्राइड यांची ‘अ गर्ल इज अ हाफ-फॉर्म्ड थिंग’ मी विसाव्या पानावर सोडली होती. लेखिकेने ती सहा महिन्यांत लिहिली आणि प्रकाशक मिळण्यासाठी तिला नऊ वर्षे थांबावे लागले. शेवटी २०१३ मध्ये गॅली बेगर प्रेस या अगदी लहान प्रकाशनसंस्थेने ती छापली आणि पुढच्या वर्षी तिला महिला कादंबरीकारांसाठीचा बेलीज पुरस्कार मिळाला. तिच्यातली वाक्ये तुटलेली आहेत, विरामचिन्हे नको तिथे येतात आणि एका मुलीच्या मनात विचार शब्दरूप घेण्याआधी जसे असतील तसे ते कागदावर उतरतात. डोळ्यांनी वाचताना मला त्यातले काहीच हाती लागेना. सहा-सात महिन्यांनी, घरात कोणी नसताना, मी पहिले पान मोठ्याने वाचले. तिसऱ्या-चौथ्या ओळीला श्वास कुठे घ्यायचा ते कळले आणि श्वास कळल्यावर वाक्येही कळू लागली. पूर्ण कादंबरी मी तशीच, मोठ्याने, अकरा दिवसांत वाचून काढली. आपण सोडलेल्या पुस्तकाचेही पहिले पान एकदा मोठ्याने वाचून पाहावे.